आजचं दुखणं कोणतं? संधिवातासोबत जगताना

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या माणसाला घरातले, शेजारचे, ऑफिसातले सगळे एकच विचारतात, ‘काय, आज दुखणं कसं आहे?’ प्रश्न मायेचा असतो, पण या आजारात तो अपुरा पडतो. कारण इथे दुखणं एक नसतं, चार तरी असतात. सुजेचं दुखणं वेगळं, खराब झालेल्या सांध्याचं वेगळं, जास्त काम पडल्याचं वेगळं आणि झोप उडालेल्या, खचलेल्या शरीराचं वेगळं. चारही दुखण्यांवर एकच गोळी घेत राहिलं तर काही दिवस बरे जातात, पण सांधे हातचे जातात. म्हणून सकाळी स्वतःला विचारायचं, की आजचं दुखणं कोणतं? ते ओळखायला कसं शिकायचं आणि प्रत्येकावर काय करायचं, ते इथे क्रमाने सांगते.

आधी आजार ओळखा

आपल्याकडे सांधा दुखला की ‘वात’ म्हणून मोकळं होतात. पण साठीनंतर गुडघ्यांची होणारी झीज आणि हा आजार यांत मोठा फरक आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू कूर्चा आणि हाड कुरतडू लागतं. हा म्हातारपणाचा आजार नव्हे. तिशी ते पन्नाशीत, ऐन कामाच्या वयात तो अनेकांना गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट अधिक होतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 पासून घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. तिथे या आजाराचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे साधारण दोनशे प्रौढांमागे एक, असं दिसलं. तेव्हा तुम्ही एकटे नाही, आणि हा आजार फक्त शहरातलाही नाही.

खुणा लक्षात ठेवा. दोन्ही हातांची मनगटं आणि बोटांची मुळं सुजतात. कुणी हात मिळवला की कळ येते. अंगठी अचानक घट्ट होते. सकाळी पहिली चार पावलं खडीवरून चालल्यासारखी वाटतात. उठल्यावर अर्धा-एक तास, कधी त्याहून जास्त वेळ अंग आखडलेलं राहतं. असं सहा आठवडे टिकलं तर घरगुती तेलावर वेळ घालवू नका. चिकुनगुन्यानंतरही सांधे असेच महिनोन्महिने दुखू शकतात, त्यामुळे ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. रक्तातला आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही असं नव्हे, आणि पॉझिटिव्ह आला म्हणजे आहेच असंही नव्हे. अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी आणि मुख्य म्हणजे सांधे हाताने दाबून केलेली तपासणी, या सगळ्यांचा मेळ घालून निदान होतं. ते ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने, म्हणजे संधिवाततज्ज्ञाने केलेलं उत्तम. सुरुवातीचे काही महिने सोन्याच्या मोलाचे असतात. त्या काळात योग्य औषध सुरू झालं तर पुढची बरीच मोडतोड टळते.

पहिलं दुखणं: सुजेचं

हे दुखणं विश्रांतीनंतर वाढतं आणि हालचाल सुरू झाली की थोडं सैल पडतं. पहाटे ठणका लागतो. सांधा गरम लागतो, दाबला की आत स्पंजासारखं मऊ जाणवतं. हे दुखणं म्हणजे आजार जागा असल्याची खूण. त्यावर खरं उत्तर एकच, आजारालाच लगाम घालणारी औषधं.

त्यांत पहिला मान मेथोट्रेक्झेटचा. स्वस्त आणि कित्येक वर्षं वापरात असलेलं औषध. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा लिहिते, आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून वार ठरवून घ्या, ‘दर रविवारी’ असं पाकिटावर आणि कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. सोबत फॉलिक अ‍ॅसिड दिलं जातं, ते डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी घ्या. गोळीने मळमळत असेल तर मनाने बंद करू नका. रात्री जेवणानंतर घेणं, डोस विभागणं किंवा इंजेक्शन असे पर्याय डॉक्टरांकडे असतात.

या औषधांचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. ‘महिना झाला, काही फरक नाही’ म्हणून अनेक जण इथेच औषध सोडतात. मधला काळ निभावायला डॉक्टर थोडे दिवस कमी मात्रेत स्टेरॉइड देतात, ते तेवढ्यापुरतंच. मेथोट्रेक्झेट चालू असेपर्यंत ठरल्याप्रमाणे रक्ताच्या पेशी, लिव्हर आणि क्रिएटिनिन तपासून घ्या, दारू टाळा. कोणत्याही कारणाने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर हे औषध चालू असल्याचं आधी सांगा. को-ट्रायमोक्झाझोलसारखी काही अँटिबायोटिक्स त्याच्यासोबत धोकादायक ठरतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेत असाल तर सुरुवातीला आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांची तपासणी हवी.

मूल हवं असेल तर आधी बोला. मेथोट्रेक्झेट आणि लेफ्लुनोमाइड गरोदरपणात चालत नाहीत, ती बरीच आधी थांबवावी लागतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलॅझिन चालू शकतात. म्हणजे आई होण्याचा मार्ग बंद होत नाही, फक्त तो आखून घ्यावा लागतो.

साध्या औषधांनी भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं आणि टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्या आहेत. त्यांपैकी काही आता देशातच बनतात, त्यामुळे पूर्वीपेक्षा आवाक्यात आल्या आहेत. त्या सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करूनच घ्या, कारण दबलेला टीबी उसळू शकतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दलही याच वेळी विचारा.

आता वेदनाशामक गोळ्यांबद्दल. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, इटोरिकॉक्झिब या गोळ्या दुखणं आणि सूज तात्पुरती कमी करतात, पण हाड कुरतडलं जाणं थांबवत नाहीत. दुखणं कळेनासं झालं म्हणजे आजार आटोक्यात आला असं नव्हे. मेडिकलमधून स्वतःच आणून महिनोन्महिने घेतल्या तर पोटात व्रण, मूत्रपिंडावर ताण, रक्तदाब वाढणं हे सगळं मागे लागतं. यातल्या दोन गोळ्या एकत्र कधीच घेऊ नका. आणि ‘आठ दिवसांत पळायला लागाल’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून लांब राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं वारंवार आढळलं आहे. गुण चटकन येतो तो त्याचा, आणि मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. कित्येक आठवडे अशी पुडी किंवा स्टेरॉइड घेत असाल तर एकदम बंदही करू नका, ते धोक्याचं आहे. न लाजता डॉक्टरांना सांगा, ते हळूहळू कमी करून देतील.

दुसरं दुखणं: खराब झालेल्या सांध्याचं

सूज उतरली, सीआरपी नॉर्मल आला, सकाळचं आखडणं गेलं, तरी जिना चढताना गुडघा दुखतो, पातेलं उचलताना मनगटात चमक निघते. हे आधी होऊन गेलेल्या मोडतोडीचं दुखणं. वापराने वाढतं, बसलं की कमी होतं. इथे औषधांचा डोस वाढवून फारसं हाती लागत नाही. इथे आधार लागतो. मनगटाचा स्प्लिंट, पावलाच्या आकाराचे इनसोल किंवा एमसीआर चप्पल, दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात काठी. फारच खराब झालेल्या गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन ही हार नव्हे, त्याने माणसं पुन्हा घराबाहेर पडतात.

मानेबद्दल एक गोष्ट कधीही विसरू नका. जुन्या संधिवातात मानेच्या वरच्या मणक्यांचे बंध सैल पडू शकतात. सलूनमध्ये मान मोडून घेणं, मालिशवाल्याने हिसका देणं हे या आजारात पूर्ण वर्ज्य. कोणत्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराची कल्पना द्या.

तिसरं दुखणं: कामाचं

हे दुखणं सगळ्यात जास्त आपल्या हातात आहे. दिवसभर राबल्यावर संध्याकाळी उठतं, किंवा पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. मराठी घरातला स्वयंपाकघराचा ओटा हाताच्या सांध्यांची रोज परीक्षा पाहतो. सकाळी सहाला, बोटं अजून आखडलेली असताना, सांडशीने चहाचं उकळतं पातेलं उचलायचं म्हणजे सगळा जोर अंगठा आणि दोन बोटांवर येतो. पकड सुटली तर भाजतं, घट्ट धरली तर दिवसभर अंगठा ठणकतो. त्या जागी दोन कानांचं पातेलं घ्या, दोन्ही हातांनी, जाड कापडाने, तळव्यांवर भार घेऊन उचला. किंवा पातेलं उचलूच नका, डावाने चहा कपात काढा.

हेच तत्त्व सगळीकडे लावा. भार लहान सांध्यावरून मोठ्या सांध्यावर न्या. भाजीची पिशवी बोटांत अडकवू नका, खांद्यावर किंवा कोपरावर घ्या. कणीक यंत्रावर मळा, नाहीतर सैल भिजवून तळव्याच्या टाचेने रगडा, बोटांनी नको. लाटणं बोटांनी आवळू नका, तळहात उघडे ठेवून फिरवा. पोळ्या उभ्याने लाटण्याऐवजी उंच स्टुलावर बसून लाटा. मोठ्या कुकरऐवजी लहान कुकर दोनदा लावा. चादरी आणि जीन्स पिळू नका, मशीनमध्ये फिरवा किंवा तसेच निथळत टाका. बादली पूर्ण भरू नका. गोल नळाच्या जागी दांड्याचा नळ बसवला तर तो कोपरानेही उघडतो. किल्लीच्या डोक्याला, पेनला, सुरीच्या मुठीला कापड किंवा फोम गुंडाळून जाड करा, जाड वस्तू धरायला कमी जोर लागतो. खुर्चीतून उठताना मुठीवर भार देऊ नका, तळहात टेकवा. मोबाइलवर मजकूर अंगठ्याने लिहिण्याऐवजी बोलून लिहा, मराठीतही ते छान चालतं.

जमिनीवर बसणं आणि भारतीय पद्धतीचा संडास हा गुडघ्यांना जाच आहे. कमोड शक्य नसेल तर संडासावर ठेवायची खुर्ची मिळते. पूजा खुर्चीवर बसून केली तर देवाला चालते. बोटं सुजायला लागली की अंगठ्या आणि घट्ट बांगड्या वेळेवर काढून ठेवा, नंतर कापाव्या लागतात.

कामांची वाटणीही शिकावी लागते. एका दिवशी कपाट आवरणं, डाळी निवडणं आणि बाजार असं सगळं ठरवू नका. जड कामामागे हलकं काम, मग थोडा वेळ बसणं, असं आळीपाळीने. बरं वाटतंय त्या दिवशी राहिलेलं सगळं उरकून घ्यायचा मोह होतो, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. बऱ्या दिवशीच हात आखडता घ्या. मुंबईतल्या केईएमसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपी विभाग असतो. घरची कामं कशी बदलायची आणि स्प्लिंट कसा वापरायचा, हे तिथे शिकवतात.

चौथं दुखणं: झोपेचं आणि मनाचं

सांध्याला सूज नाही, काम जास्त झालेलं नाही, तरी सगळं अंग दुखतं. पाठ, मांड्या, दंड, कुठेही हात लावला तरी दुखतं. उठल्यावर झोप झाल्यासारखी वाटत नाही. बरीच वर्षं दुखणं सोसलं की मेंदू आणि नसांची वेदनेची जाणीव तीव्र होऊन बसते, आणि अपुरी झोप, काळजी, एकटेपणा तिला आणखी धार लावतात. हे दुखणं खोटं नसतं. ‘मनाचे खेळ आहेत’ असं म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका, आणि स्वतःही तसं म्हणू नका. पण या दुखण्याला स्टेरॉइड वाढवून काही होत नाही. झोपेची ठरलेली वेळ, रोज थोडं चालणं, दीर्घ श्वसन, आणि गरज असेल तर समुपदेशन आणि त्यासाठीची वेगळी औषधं, हे त्याचे उपाय. या आजारात नैराश्य येणं अगदी सामान्य आहे. दोन-तीन आठवडे कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, तर जसं सांध्याबद्दल सांगता तसंच तेही डॉक्टरांना सांगा.

थकव्याबद्दलही घरच्यांना मोकळेपणी सांगा. हा आजार सगळ्या शरीराला थकवतो. रक्त कमी असेल किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर तेही तपासून घ्या. दुपारी अर्धा तास पडणं म्हणजे आळस नव्हे, तो उपचाराचा भाग आहे.

आजार उसळतो तेव्हा

चांगलं चाललेलं असताना अचानक तीन-चार सांधे एकदम सुजतात. असा दिवस येणार हे गृहीत धरून बऱ्या दिवसांतच डॉक्टरांकडून लिहून घ्या, की उसळी आली तर कोणती गोळी, किती दिवस आणि फोन केव्हा करायचा. त्या दिवशी गरम, लाल, सुजलेल्या सांध्याला कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा. आखडलेल्या पण न सुजलेल्या सांध्यांना मात्र गरम शेक चांगला. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलवली की मूठ लवकर वळते. फिजिओथेरपीच्या विभागात मेणाचा शेक मिळतो, तोही हातांना आराम देतो. गुडघ्याखाली उशी घेऊन रात्रभर झोपू नका, आराम वाटतो पण गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो.

व्यायाम पूर्ण थांबवू नका. उसळीच्या दिवशी प्रत्येक सांधा त्याच्या झेपेल त्या टोकापर्यंत हलकेच दोन-तीनदा न्या, एवढंच. बऱ्या दिवसांत चालणं, पाण्यातला व्यायाम, स्नायूंना बळ देणारे हलके व्यायाम. मोजमाप सोपं आहे. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांत उतरलं तर प्रमाण योग्य, त्याहून टिकलं तर उद्या कमी करा.

ताटाबद्दल थोडं

आंबट बंद, दही बंद, वांगी बंद, टोमॅटो बंद, अशी यादी प्रत्येक नातेवाईक देतो. या पदार्थांनी सगळ्यांचाच संधिवात वाढतो असा पुरावा नाही. एखाद्या पदार्थाने तुम्हाला खरोखर त्रास होतो असं वाटलं तर तो दोन-तीन आठवडे सोडून पाहा, पुन्हा खाऊन पाहा, आणि मग ठरवा. सरसकट सगळं सोडलं तर प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतं, स्नायू आणखी गळतात. मासे खात असाल तर बांगडा, तारली उत्तम. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी, डाळी, उसळी, भाज्या. वजन आटोक्यात ठेवलं की गुडघ्यांवरचा भार थेट कमी होतो. सिगारेट आणि बिडी मात्र सोडाच. धूम्रपानाने हा आजार होण्याची शक्यता वाढते आणि औषधांचा गुणही कमी येतो. मिश्री आणि तंबाखूने हिरड्या खराब होतात, आणि हिरड्यांच्या आजाराचा या संधिवाताशी संबंध आहे. तीही सोडा, दात तपासून घ्या.

थांबायचं नाही अशा खुणा

एकच सांधा अचानक लालभडक, अतिशय दुखरा आणि सोबत ताप. काळं शौच. धाप किंवा न थांबणारा कोरडा खोकला. डोळा लाल होऊन दुखणं. तोंडात फोड किंवा कावीळ. हातापायांत मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं. यांतलं काहीही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर त्या आठवड्याचं मेथोट्रेक्झेट घेण्याआधी फोन करून विचारा.

वहीतल्या चार ओळी

एक साधी वही ठेवा. रोज चार गोष्टी लिहा. पूर्ण मूठ किती वाजता वळली. कोणते सांधे सुजले. झोप कशी झाली. आणि आजचं दुखणं चारांपैकी कोणतं वाटलं. मूठ वळायची वेळ हे फार बोलकं माप आहे. ती सात वाजेवरून नऊ वाजेवर सरकायला लागली तर तुम्हाला रिपोर्टच्या आधी कळेल, की आजार पुन्हा डोकं वर काढतोय. डॉक्टरांकडे पाच-दहा मिनिटं मिळतात. त्यांत ‘खूप दुखतंय’ एवढंच सांगितलं तर वेदनाशामक लिहून मिळते. ‘तीन आठवड्यांपासून मूठ दोन तास उशिरा वळतेय आणि दोन्ही मनगटं सुजतात’ असं सांगितलं तर औषधाचा विचार होतो.

घरच्यांनीही ही वही वाचावी. सकाळी डबे भरणं, कणीक मळणं, बादली उचलणं ही कामं कुणी न सांगता वाटून घेतली तर त्याचा गुण एखाद्या गोळीइतका असतो. व्यंग आलं असेल तर 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. तो हक्क आहे, त्यात कमीपणा नाही.

सोसत राहणं हा काही या आजारावरचा उपचार नाही. आजच्या औषधांनी अनेकांचा संधिवात जवळजवळ शांत होतो, सूज नाही, आखडणं नाही, अशी अवस्था गाठता येते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, ‘माझा आजार त्या अवस्थेला आलाय का? नसेल तर आता काय बदलायचं?’ उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.